हूड चालू आहे पण ओढत नाही: केमिस्ट्री लॅबच्या कामाच्या नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२४

८ जानेवारी, सोमवार

एचओडी सरांनी बोलावून सांगितलं की नॅकची (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेची) टीम यायची आहे, तेव्हा लॅबच्या सेफ्टीचं काय ते एकदा बघून घ्या आणि काय काय केलं ते तारखेसकट लिहून ठेवा. त्यांना फाइल हवीये. मी म्हटलं लिहिते, पण मग जे आहे तेच लिहीन. सर हसले. तर ही वही.

योगायोग असा की आजच एस.वाय.च्या बॅचला कॉन्संट्रेटेड नायट्रिक अ‍ॅसिडचं काम होतं. तांब्याच्या किसावर नायट्रिक टाकलं की तो तपकिरी धूर येतो, नायट्रोजन डायॉक्साइड. मुलगी शहाणी होती, टेस्ट ट्यूब हूडमध्ये (फ्यूम हूड, म्हणजे विषारी धूर ओढून बाहेर टाकणारं काचेचं कपाट) धरूनच टाकलं, हूडची मोटर चालू, आवाज अगदी विमानासारखा. आणि तपकिरी धूर आरामात काचेच्या खालून बाहेर आला आणि तिच्या ओढणीपर्यंत पोचला. तिला मागे ओढलं, खिडकी उघडायला गेले तर खिडकी उघडेना. खोकली थोडी, मग ठीक झाली, पण मी तिला घरचा नंबर घेऊनच सोडलं. हा वायू लबाड आहे, त्या वेळी घसा जरा चुरचुरतो आणि वाटतं झालं बरं, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी छातीत पाणी होतं. संध्याकाळी दोनदा फोन केला तिच्या आईला. त्यांना वाटलं काय बाई वेडी आहे.

हूड चालू आहे म्हणजे हूड काम करतोय असं आम्ही सगळे दहा वर्षं धरून चाललोय. आवाज येतो ना, मग झालं.

१० जानेवारी, बुधवार

उदबत्ती लावून बघितलं. मोटर चालू, काच अर्धी वर, उदबत्ती तोंडाशी धरली. धूर आधी सरळ वर, मग थोडा आत, मग परत माझ्याकडे. डाव्या कोपऱ्यात तर बाहेरच येत होता. मामा म्हणाले मॅडम देवाला लावल्यासारखं काय करताय.

मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. प्रत्येक कॉलेजात असतात तसे. एकवीस वर्षं याच लॅबमध्ये, मला अकरा झाली.

हूड रिकामा करायला घेतला तर आत त्रेचाळीस बाटल्या निघाल्या, दोन मोडकी कंडेन्सर, एक टिफिनचा डबा (कुणाचा कोण जाणे), २०१६ च्या जर्नलांचा गठ्ठा. हूड म्हणजे आमचं अडगळीचं कपाट झालंय. मागच्या पत्र्याला खाली-वर फटी असतात, त्यांतून हवा ओढली जाते, त्या खालच्या फटीसमोरच जर्नलं रचलेली. म्हणजे ज्या तोंडानं श्वास घ्यायचा त्यातच बोळा.

सगळं काढलं, पुसलं. परत उदबत्ती. थोडा फरक, फार नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

ऑनलाइन मागवलेला अ‍ॅनिमोमीटर आला, हवेचा वेग मोजायचा, पंखा असलेला छोटा. २,८०० रुपये, सध्या माझ्या खिशातून, बिल जोडलंय बघू कधी पास होतं ते.

मोजायची पद्धत सोपी आहे. समोरची सरकती काच, जिला सॅश म्हणतात, ती ठरलेल्या उंचीवर आणायची, मी ४५ सेंटीमीटर धरली, म्हणजे दीड फूट. त्या तोंडाचे मनातल्या मनात नऊ चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर मीटर धरून आत जाणाऱ्या हवेचा वेग लिहायचा. मीटर धरताना आपण समोर उभं राहायचं नाही, बाजूनं हात घालायचा, नाहीतर आपलंच अंग हवा अडवतं. साधारण ०.४ ते ०.६ मीटर प्रति सेकंद यायला हवा. जुन्या हिशोबात मिनिटाला ८० ते १२० फूट.

आमची सरासरी: ०.१८. डाव्या खालच्या चौकोनात मीटरचा पंखा फिरलाच नाही.

सरांना दाखवलं. सर म्हणाले मग वेग अजून वाढवायची मोठी मोटर बसवू, एकदम एक मीटर करून टाकू. तसं नसतं. फार जोरात ओढलं तरी घोटाळा होतो, माणूस समोर उभा असला की हवा त्याच्या अंगाला वळसा घालून जाते आणि बरोबर छातीसमोर भोवरा होतो, मग आतला धूर त्या भोवऱ्यात सापडून नाकाशी येतो. नदीत खांबाच्या मागे पाणी कसं गोल फिरतं तसं.

नव्या हूडची कोटेशनं मागवायचं ठरलंय. तीन कोटेशनं, पर्चेस कमिटी, नेहमीचं.

१७ जानेवारी, बुधवार

गड्ड्याच्या जत्रेमुळे (आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा) चार दिवस अर्धं कॉलेज रिकामंच होतं, त्यामुळे काम काही नाही. आज वायरमनला घेऊन गच्चीवर गेले. ब्लोअर, म्हणजे हूडची हवा ओढणारा पंखा, गच्चीवर आहे हे बरंय. ज्यानं कोणी बसवला त्याला अक्कल होती. ब्लोअर वर असला की खालचा सगळा डक्ट (हवेचा पाइप) ओढीखाली राहतो, कुठे फट पडली तर लॅबमधली हवा फटीतून आत जाते. तोच ब्लोअर खाली लॅबमध्ये असता तर पुढचा सगळा पाइप दाबाखाली आणि प्रत्येक फटीतून अ‍ॅसिडची वाफ खोल्यांमध्ये. डक्ट पीव्हीसीचा आहे, हेही बरं, पत्र्याचा असता तर एव्हाना चाळणी झाली असती.

पण वरच्या चिमणीत पारव्यांचं घरटं. घरटं कसलं, वाडा. दोन बादल्या काड्या, पिसं, तारा, एक राखी पण निघाली. पिल्लं नव्हती म्हणून बरं. वायरमन म्हणाला आता बघा कसं ओढतंय.

खाली येऊन मोजलं: ०.२३.

मी खाली मोजताना इतक्या आशेनं मोजत होते की पहिलं रीडिंग दोनदा घेतलं.

२० जानेवारी, शनिवार

कोटेशन आलं एक. चार फुटी हूड, ब्लोअर, डक्टिंग, फिटिंग सगळं धरून अडीच लाखाच्या वर. पर्चेस कमिटीतले एक सर म्हणाले की नवा घ्या, पांढरा चकचकीत, टीमला दिसायला पण चांगलं. मी म्हटलं सर, नवा डबा जुन्याच डक्टला जोडला तर तो पण असाच ओढणार. हूड हा नुसता डबा आहे. ओढ गच्चीवरनं येते.

गंमत म्हणजे आधीच्या काळी मोटर पण नव्हती, रसायनवाले धुराड्याखालीच काम करायचे, एडिसन सुद्धा मेन्लो पार्कला शेकोटीच्या चिमणीचा असाच वापर करायचा, आणि काही ठिकाणी धुराड्यात गॅसची ज्योत पेटती ठेवायचे म्हणजे गरम हवा वर जाते आणि मागची ओढली जाते. आमच्या आजीच्या चुलीवरचं धुराडं आणि हा हूड, तत्त्व एकच. आजीचं धुराडं जास्त ओढायचं एवढंच.

२९ जानेवारी, सोमवार

सापडलं.

झालं असं की वायरमनला मी म्हटलं बेल्ट ढिला असेल तो बघ एकदा, म्हणून परत गच्चीवर गेलो. त्यानं बेल्ट ताणला, ठीक होता तसा. मी आपलं ब्लोअरचं केसिंग ओल्या फडक्यानं पुसत होते, पारव्यांच्या शिटेचा इंचभर थर होता, आणि त्याच्याखाली एक लाल बाण निघाला. फिरायची दिशा. मग मोटर बंद करून लगेच चालू करायला लावली, सुरुवातीला हळू फिरते तेव्हा दिशा दिसते. उलटी फिरत होती.

वायरमन म्हणाला असं कसं, हवा तर बाहेरच जातेय. तेच तर. हा घरातल्या पंख्यासारखा पात्यांचा पंखा नाही. घरातला उलटा फिरवला तर हवा उलट्या बाजूला जाते, लगेच कळतं. हा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर, गोगलगायीच्या शंखासारखं केसिंग असतं, आत चाक फिरतं आणि हवा बाहेरच्या बाजूला फेकतं. चाक उलटं फिरलं तरी हवा त्याच तोंडातून बाहेर पडते, फक्त निम्म्यापेक्षाही कमी पडते. आवाज तोच. म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही.

थ्री फेजच्या मोटरला तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा उलटते. दोन-तीन वर्षांपूर्वी स्टार्टर जळाला होता तो बदलताना कुणीतरी दोन वायरी उलट लावल्या असणार. आज वायरमननं परत अदलाबदल केली. पाच मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

मोजलं, ४५ सेंटीमीटरला: ०.५१. नऊच्या नऊ चौकोनांत ०.४४ च्या खाली एकही नाही. काच पूर्ण वर केली, अडीच फूट, तर ०.३१. म्हणजे काच पूर्ण उघडून काम करायचं नाही, हवा तेवढीच आहे, तोंड मोठं केलं की वेग मरतो. दीड फुटावर लाल रेघ मारली.

अडीच लाख वाचले. सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. मी दिवसभर हवेत.

३ फेब्रुवारी, शनिवार

हवेत असायचं काही कारण नव्हतं.

हूड दुरुस्त झाल्यापासून माझ्या टेबलाशी डोळे चुरचुरतायत. गुरुवारी वाटलं झोप कमी झाली असेल. काल अमोनियाचा चक्क वास. माझं टेबल स्टोअररूमच्या दाराशी आहे, हूड लॅबच्या पार दुसऱ्या टोकाला. आज उदबत्ती घेऊन दाराशी उभी राहिले आणि हूड चालू करायला लावला. धूर दारातून सरळ आडवा, लॅबमध्ये. हूड बंद, धूर उभा. हूड चालू, परत आडवा.

कळायला उशीर लागला नाही पण आधी सुचलं नाही याचा राग आला. हूड तासाला साधारण हजार घनमीटर हवा बाहेर फेकतोय. आमची लॅब १२ बाय ८ मीटर, उंची साडेतीन, म्हणजे ३३६ घनमीटर. म्हणजे तासाला तीनदा अख्खी लॅब रिकामी होते. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला पाहिजे ना. खिडक्या पारवे येतात म्हणून वर्षानुवर्षं खिळे मारून बंद. कॉरिडॉरचं दार बंद. उरलं काय, तर स्टोअररूम, जिची मागची खिडकी फुटलेली आहे. सगळी हवा स्टोअरमधून. म्हणजे अ‍ॅसिडच्या बाटल्यांवरून फिरून माझ्या नाकात.

आधी हूड ओढतच नव्हता तेव्हा ही वाफ स्टोअरमध्येच राहत होती. आणि स्टोअरमध्ये कोण बसतं? मामा.

७ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी साडेनऊलाच आले, मामा काय काय करतात ते बघायला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी येते सव्वादहाला, तोपर्यंत टेबलांवरच्या रिएजंट बाटल्या भरलेल्या असतात, त्या कशा भरतात हा प्रश्न मला कधी पडला नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

तर असं आहे. अडीच लिटरची कॉन्संट्रेटेड एचसीएलची (हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची) बाटली, मामा ती काखेत धरतात आणि फनेल लावून अडीचशे मिलीच्या सोळा बाटल्या भरतात. बाटली उघडली की पांढरी वाफ दिसते. मग तसंच नायट्रिक. मग अमोनिया, आणि अमोनिया उन्हाळ्यात झाकण काढलं की फसकन येतो. हे सगळं स्टोअरमधल्या कडाप्प्याच्या ओट्यावर, दार बंद करून, कारण दार उघडं ठेवलं तर वास लॅबमध्ये जातो आणि मॅडम ओरडतात. मॅडम म्हणजे मी. मी खरंच ओरडले होते कधीतरी.

तोंडाला टॉवेल. सोलापुरी, जाड, दुहेरी घडी करून. मामा म्हणाले ओला केला की अजून चांगलं. मी काही बोलले नाही तेव्हा. टॉवेलनं धूळ अडेल, वाफ अडत नाही. ओला केला तर एचसीएल थोडंफार त्यात विरघळेलही, पण मग तेच ओलं अ‍ॅसिड तोंडाला बांधून ठेवल्यासारखं.

मी विचारलं वास नाही का येत. म्हणाले, "सुरुवातीला यायचा, आता काय येत नाही. सवय झाली मॅडम. नवीन पोरं नाकं मुरडतात." आणि हे त्यांनी जरा अभिमानानंच सांगितलं. आमच्याकडे हायड्रोजन सल्फाइड वायू बनवायचं किप्स अ‍ॅपरेटस होतं तेव्हाही सगळे हेच म्हणायचे, वास गेला म्हणजे गॅस गेला. उलट आहे. तो सडक्या अंड्यांचा वास अगदी चिमूटभर असताना येतो आणि प्रमाण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास गेलं की नाकच बंद पडतं. वास थांबला की पळायचं असतं.

स्टोअरच्या कपाटाच्या काचांवर पांढरी पावडर कायम असते, मामा दर शनिवारी पुसतात. धूळ नाही ती. एचसीएल आणि अमोनिया एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेत, दोघांची वाफ हवेत भेटते आणि अमोनियम क्लोराइड होऊन काचेवर बसते. अख्ख्या बी.एस्सी.ला आपण हे शिकवतो, काचेच्या नळीत दोन टोकांना दोन बोळे ठेवून. इथे कपाटात चालू आहे एकवीस वर्षं.

मामांचे पुढचे दात झिजलेत. अ‍ॅसिडच्या वाफेनं दात झिजतात हे बॅटरी कारखान्यातल्या कामगारांत बघितलं गेलंय. पण मामा मिश्री पण लावतात. मी डॉक्टर नाही. सकाळचा खोकला आहे, तो किती वर्षांचा विचारलं तर म्हणाले असतोच की. छातीची फुंकर टेस्ट करायला पाठवायचंय, सरांच्या कानावर घातलंय.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टोअर आवरायला घेतलं. अमोनिया वेगळ्या कपाटात, लॅबच्या विरुद्ध टोकाला. नायट्रिक सेंद्रिय द्रावकांपासून लांब, स्वतंत्र प्लास्टिकच्या टबमध्ये. ब्रोमीनची एक जुनी बाटली निघाली, झाकण खाऊन टाकलेलं, भोवती नारिंगी डाग. ब्रोमीनची मर्यादा हवेत ०.१ पीपीएम आहे, अमोनियाची २५, यावरून काय ते समजा. ती हूडमध्ये हलवली, सोडियम थायोसल्फेटचं पाणी जवळ ठेवून.

अ‍ॅसिटॅनिलाइडचं ब्रोमिनेशन आता ब्रोमीन न वापरता करायचं असं सरांशी बोलले, पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट घेऊन अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यात होतं ते, प्रॉडक्ट तेच. सर म्हणाले पुढच्या टर्मला. मी लिहून ठेवतेय की म्हणाले.

काचसामान धुवायला मामा क्रोमिक अ‍ॅसिड बनवतात ते पण आजपासून बंद. साबण आणि ब्रश. एवढं चकचकीत होत नाही अशी मामांची तक्रार आहे. नोंदवली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

खिडक्यांचे खिळे काढून जाळी बसवली. हूडच्या समोरच्या भिंतीतल्या, लांबच्या दोन. हूडच्या शेजारची मुद्दाम बंदच ठेवली, तिथून झुळूक आली तर हूडच्या तोंडावरची हवा विस्कटते. स्टोअरला स्वतःचा एक्झॉस्ट फॅन लावला, फुटक्या खिडकीच्या जागी, आणि मधलं दार बंद ठेवायचं. उदबत्ती घेऊन दाराच्या फटीशी: धूर आता स्टोअरकडे जातो, लॅबकडे नाही. माझे डोळे दोन दिवस बरे आहेत.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आजचं जरा वेगळं. एम.एस्सी.ची प्रोजेक्टवाली एक मुलगी मायक्रोबायॉलॉजीच्या लॅमिनार फ्लोमध्ये क्लोरोफॉर्म आणि एचसीएल घेऊन बसलेली. आमच्या हूडला लाइन होती म्हणून. काचेचं कपाट, आत लाइट, पंखा, म्हणजे हूडच की, असं तिचं म्हणणं. तिला जागेवरनं उठवलं.

लॅमिनार फ्लो हा जंतूंपासून आतल्या डिशला वाचवायला असतो, माणसाला नाही. तो हवा गाळून आतून बाहेर फेकतो, सरळ समोर बसलेल्याच्या तोंडावर. आणि त्याचा हेपा फिल्टर कण पकडतो, वाफ नाही, वाफ त्यातून हसत जाते. म्हणजे ती चार दिवस क्लोरोफॉर्मची झुळूक खात होती. डोकं दुखतंय म्हणून चहा वाढवला होता तिनं.

दोन्ही डिपार्टमेंटला मोठ्या अक्षरांत कागद लावला. कागदावर लिहिलं: हवा तुमच्याकडे येते का तुमच्यापासून जाते, आधी ते बघा.

२८ फेब्रुवारी, बुधवार

मामांना बाटल्या हूडमध्ये भरायला सांगितलं. नाही म्हणाले. म्हणजे नाही असं म्हणत नाहीत, "हो मॅडम" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी परत ओट्यावर. तिसऱ्या दिवशी मी चिडले. मग ते म्हणाले, हूड कमरेच्या वर आहे, अडीच लिटरची बाटली वर उचलून काचेखालून आत घालायची, हात थरथरतो, पडली तर. एवढं बरोबर बोलत होते ते. मी रीडिंग घेतली, उदबत्त्या लावल्या, पण एक बाटली उचलून बघितली नव्हती.

मग काय केलं, मोठ्या बाटल्या आता हूडमध्येच राहतील, दोनच, एचसीएल आणि अमोनिया नाही एकत्र, एचसीएल आणि नायट्रिक, आणि प्रत्येकीवर वर-खाली दाबायचा डिस्पेन्सर बसवायचा, बाटली उचलायचीच नाही. डिस्पेन्सर महाग आहेत, सात-आठ हजाराला एक. नव्या हूडचे पैसे वाचलेत ना, ते काढा म्हटलं. अमोनियाचं काम वेगळ्या दिवशी. आणि सोळा बाटल्यांच्या जागी आठ, दोन मुलांत एक, पन्नास मिलीच्याच. एवढं अ‍ॅसिड लागतच नव्हतं, दर टर्मला निम्मं बेसिनमध्ये जात होतं.

हूडच्या आत काठापासून १५ सेंटीमीटरवर पिवळी टेप लावली, त्याच्या अलीकडे काही उघडायचं नाही. काठाशी हवेचे भोवरे असतात.

५ मार्च, मंगळवार

मास्क आले. अर्ध्या चेहऱ्याचे, दोन डबीवाले. एन-९५ नाही, तो कणांसाठी, वाफेला तो आणि मामांचा टॉवेल सारखाच. डबीत कोळसा असतो, आणि कुठल्या वाफेला कुठली डबी ते रंगावरून: तपकिरी पट्टा सेंद्रिय द्रावकांना, पिवळा आम्लवायूंना, हिरवा अमोनियाला. आम्ही सगळ्या रंगांची मिश्र डबी घेतली, गोंधळ नको म्हणून. दाढी असेल तर उपयोग नाही, कडेनं हवा शिरते. मामांना मिशी आहे, ती चालली.

दोन दिवसांनी बघते तर मास्क स्टोअरमध्ये खुंटीला टांगलेला, उघडा. कोळसा काही मामांनी घातलाय का नाही हे बघत नाही, तो खुंटीवर असतानाही वाफ ओढतच राहतो आणि भरून जातो. आता झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतात, मामींनी दिलाय, चकलीचा होता.

पण मास्क शेवटचा उपाय, सांडलं-बिंडलं तर. रोजच्यासाठी हूडच.

१९ मार्च, मंगळवार

पारा चाळिशीला यायला लागला. मुलांनी पंखे फुल केले, आणि हूडच्या बरोबर वरती एक पंखा आहे. मोजायला गेले तर मीटरचा काटा नाचतोय, ०.२ ते ०.९. उदबत्तीचा धूर एका क्षणी आत, एका क्षणी बाहेर. हूडची अर्धा मीटरची ओढ म्हणजे अगदी हळू चाललेल्या माणसाएवढी, समोरून कुणी भरभर चालत गेलं तरी ती मोडते, पंख्यापुढे तिचं काय.

पंखा बंद ठेवायचा कागद लावला. बटणावर टेप. टेप दुसऱ्या दिवशी गायब. परत टेप. परत गायब. सोलापुरात मार्चमध्ये पंखा बंद ठेवा सांगणं म्हणजे काय, मलाही पटत नव्हतं. शेवटी वायरमनला बोलावून तो पंखाच उतरवला आणि स्टोअरबाहेरच्या पडवीत मामांच्या खुर्चीच्या वर लावला. हूडवर काम करणाऱ्याची पाळी वीस-वीस मिनिटांची केली, मग पंख्याखाली जायचं.

२७ मार्च, बुधवार

पर्चेसच्या सरांसाठी एक प्रयोग केला, डिस्पेन्सरचं बिल अडकलं होतं म्हणून. लग्नात नवरा-नवरीच्या एन्ट्रीला जमिनीवर धूर सोडतात, तो ड्राय आइसचा असतो. माझ्या चुलतभावाचं डेकोरेशनचं काम आहे, त्याच्याकडून किलोभर आणला (उघड्या थर्मोकोलच्या डब्यात, बंद बाटलीत नाही, फुटते). हूडमध्ये टबात गरम पाणी, त्यात टाकला. पांढरा धबधबा. हूड चालू, काच रेघेवर: सगळा धूर मागच्या फटीत शिस्तीत जातोय. मग मी काच पूर्ण वर केली आणि धूर काठावरून सरांच्या बुटांवर. मग हात आत घालून झटकन बाहेर काढला, हाताबरोबर धुराचं शेपूट बाहेर आलं. ओह, म्हणाले सर. मग वायरमनला गच्चीवरनं दोन वायरी उलट करायला लावल्या होत्या पाच मिनिटं, ते पण दाखवलं. आवाज तोच, आणि धूर सगळा लॅबमध्ये.

बिलावर तिथेच सही झाली. अ‍ॅनिमोमीटरच्या पण.

३ एप्रिल, बुधवार

सर विचारत होते की आपल्याला कायद्यानं काय लागू आहे ते फाइलीत लिहा. कारखाना असता तर फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ चं कलम १४ आहे, धूळ आणि धुराचं, आणि भोपाळनंतर १९८७ ला सुधारणा होऊन हवेत कुठलं रसायन किती चालेल त्याचा तक्ता जोडला गेला, मी वर आकडे दिलेत तसे. पण शिकवायची लॅब कारखान्यात मोडत नाही. एमआयडीसीतल्या लॅबमधल्या हेल्परला निदान इन्स्पेक्टर येईल अशी भीती तरी असते साहेबाला, आमच्या मामांच्या वाट्याला फक्त नॅकची फाइल. एवढंच लिहिलं.

नॅकची टीम पुढे ढकललीये म्हणे, इलेक्शनमुळे. सात मेला मतदान, निम्मा स्टाफ ट्रेनिंगला.

१८ एप्रिल, गुरुवार

प्रॅक्टिकल परीक्षा संपल्या. हूडच्या काचेच्या खालच्या काठाला संक्रांतीच्या पतंगाच्या शेपटीतली एक कागदी पट्टी चिकटवली होती फेब्रुवारीत, आत फडफडली म्हणजे ओढ आहे, मीटर काढायची गरज नाही. मुलांना ते बरोबर कळतं.

आज मी ट्रेनिंगला गेले होते. दुपारी मामांचा फोन, "मॅडम, मोटर चालू आहे पण पट्टी हालेना, मी बाटल्या भरायचं थांबवलंय, वायरमनला सांगू का?" सांगा म्हटलं. बेल्ट तुटला होता, मोटर नुसतीच फिरत होती, ब्लोअर उभा. आवाज नेहमीसारखाच होता म्हणे, जरा बारीक.

छातीच्या टेस्टची तारीख मिळालीये, २४ ला. मामा म्हणतात खोकला कमी आहे. मिश्री सोडलेली नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

बेल्ट बदलला, एक जादाचा आणून ठेवला. ४५ सेंटीमीटरला सरासरी ०.५०. दिशा बघितली, बाणाप्रमाणे. पट्टी मळली होती, मामांनी नवीन लावली, लाल.